गोटमारीत फुटलेला बोर्ड

पांढुर्ण्यात कोणाला इंग्रजीत अर्ज लिहून हवा असला की तो सरळ कळंबे सरांच्या दारात येऊन उभा राहतो. विजेचं मीटर जळलं, नळाला पाणी येत नाही, मुलीच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली, नागपूरहून आणलेला मोटरपंप आठवड्यात बंद पडला. विषय कोणताही चालतो. सर चष्मा चढवतात, सगळी कैफियत शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात.

"कोणी केलं, थे लिहायचं का?"

समोरचा माणूस दचकतो. दाराकडे एकदा बघून घेतो. "नाव नोको सर. रोज तोंड पाहायचं हाय त्याचं."

सरांना हेच ऐकायचं असतं. ते खुशीत येतात, पेनचं टोपण काढतात आणि असा काही अर्ज लिहून देतात, की त्यात सगळं घडलेलं असतं आणि घडवणारा कोणीच नसतो. वायर कापली गेलेली असते, पाइप फोडला गेलेला असतो, तारीख चुकीची लिहिली गेलेली असते. जणू भुतं येऊन सगळं करून गेली. ऑफिसातल्या बाबूंनाही असा अर्ज फार आवडतो, कारण मग कोणाला बोलवायला नको आणि कोणाला विचारायला नको. इंग्रजीत याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात. पांढुर्ण्यात याला सभ्यपणा म्हणतात.

श्रावण कळंबे मूळचे जवळच्याच सौंसरचे. घरची संत्र्याची बाग आहे, ती थोरले भाऊ बघतात. बागेत जन्म काढण्यापेक्षा खडूची धूळ बरी, असं ठरवून श्रावणराव तरुणपणीच पांढुर्ण्याच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर म्हणून लागले, ते आता येत्या एप्रिलात निवृत्त व्हायचे आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी कविता शिकवल्या, निबंध शिकवले, पत्रलेखन शिकवलं, पण ते सगळं जाता जाता. त्यांचा जीव होता तो एकाच धड्यात.

"क्रियापदाले दोन प्रश्न विचारायचे," ते वर्गात सांगत. "काय? अन् कोणाले? द बॉय थ्रोज. काय थ्रोज? गोटा. उत्तर आलं. मंजे हे सकर्मक. आता, द बेबी स्लीप्स. काय स्लीप्स? कोणाले स्लीप्स? काहीच नाई. बाळ झोपते, थे कोणाले झोपत नाई. हे अकर्मक. याचं पॅसिव्ह होत नाई, होणार नाई, अन् पेपरात कोणी केलं त मी शून्य देईन. झोपलेल्याच्या नादी लागू नका."

मग सकर्मक वाक्य उलटं करायचा सोहळा सुरू होई. कर्म मागून पुढे यायचं. गोटा, जो आतापर्यंत मार खात वाक्याच्या शेवटी पडला होता, तो आता पाटलासारखा पहिल्या जागी बसायचा. आणि कर्ता बिचारा उठून शेवटी जायचा, त्याच्यापुढे एक "बाय" लावायचा. या "बाय"वर सरांचा रूळ पडायचा. सागवानी रूळ, टोकाला पितळेची टोपी. "अ स्टोन इज थ्रोन..." इथे एक श्वास, आणि मग ठक्क! "...बाय द बॉय!" त्या ठकठकीनं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात काळा रंग उडून आतलं सिमेंट दिसू लागलं होतं. उन्हाळ्यात पेंटर रंग मारून जाई, दिवाळीपर्यंत सिमेंट पुन्हा हजर. गावातल्या निम्म्या लोकांच्या कानात तो आवाज अजून आहे.

"अन् हे शेवटचं ऐका," सर आवाज खाली आणून म्हणायचे. "हा बाय लिहिलाच पायजे असं नाई. करणारा माहीत नसन, सांगायचा नसन, नाई त सांगण्यात काही अर्थ नसन, त जागा रिकामी ठेवा. पूर्ण मार्क भेटतीन." सगळ्या धड्यात पोरांना आवडायचं ते हे वाक्य. बाकीचं व्याकरण पोरं विसरली, हे मात्र घेऊन संसाराला लागली.

तसं हे ज्ञान पांढुर्ण्याला शिकवायची गरज नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव, दिवसभर एकमेकांवर दगड चालवतात. ही गोटमार. कोणाचं डोकं फुटतं, कोणाचा दात जातो, कधी त्याहून वाईटही होतं, आणि संध्याकाळी टाके घालून माणूस घरी येतो तेव्हा शेजारी विचारतात, "लागला का गोटा?" कोणाचा लागला, हे विचारायची रीत नाही. त्या दिवशी गोटे लागतात, मारत कोणी नाही. त्या दिवशी गावात कुठे काच फुटली, कौल फुटलं, मोटरसायकलचा आरसा फुटला, तरी मालक हात झटकून म्हणतो, "गोटमार होती."

सरांना स्वतःला रक्त बघवत नाही. तरुणपणी एकदाच ते नदीवर गेले होते. समोरच्या माणसाच्या भुवईतून धार लागलेली पाहिली आणि कोणाचाही गोटा न लागता जागच्या जागी चक्कर येऊन पडले. पडताना कपाळ दगडावर आपटलं. शुद्धीवर आले तेव्हा लोक कौतुकानं सांगत होते, मास्तरांना गोटा लागला, सौंसरचा असून पांढुर्ण्यासाठी रक्त सांडलं. सरांनी कोणाला दुरुस्त केलं नाही. ती कपाळावरची खूण अजून आहे, आणि तिच्यामुळे सावरगावचे लोकसुद्धा त्यांना जरा जपून नमस्कार करतात. तेव्हापासून गोटमारीच्या दिवशी सर शाळेत जाऊन एकटे पोरांच्या वह्या, म्हणजे तिकडच्या भाषेत कॉप्या, तपासत बसतात.

यंदा शाळेत स्मार्ट बोर्ड आला. भिंतभर काच, बोट लावलं की उजेड. प्राचार्या अमृता मॅडम सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांच्या मनात आलं, शिक्षक दिनाला जिल्ह्याचे साहेब येणारच आहेत, सरांची निवृत्तीही जवळ आली आहे, तर त्याच दिवशी सरांचा सत्कार करायचा आणि सरांनी साहेबांसमोर या नव्या बोर्डावर आपला तो पॅसिव्हचा धडा घ्यायचा. सर "हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात त्यांनी बोर्डाला बोट लावलं तर अक्षरं उलटी झाली, पुन्हा लावलं तर कुठल्याशा साबणाची जाहिरात लागली. चंचल नावाची एक चुणचुणीत मुलगी पुढे आली आणि तिनं एका बोटात सगळं सरळ केलं. वर्ग हसला. सरही हसले, पण ते हसणं घरी जाईपर्यंत टिकलं नाही.

म्हणून गोटमारीच्या दिवशी त्यांनी ठरवलं, आज कॉप्या नाहीत. आज बोर्ड.

शाळेच्या मागेच गुणवंताचं घर. गुणवंता शाळेचा शिपाई; घंटा, कुलपं, पाणी, झाडू, सगळं तोच. पण पगार ठेकेदाराकडून यायचा, म्हणजे शाळेत जन्म गेला तरी कागदावर तो शाळेचा नव्हता. कायम करून घ्या, असा त्याचा अर्ज सरांनीच लिहून दिला होता. त्यात सेवा बजावली गेली होती, निष्ठा दाखवली गेली होती, विनंती केली जात होती. गुणवंताचं नाव फक्त सहीच्या जागी होतं. तो अर्ज वर कुठेतरी अजून वाचला जात होता.

"आज बी शाळेत सर? समदा गाव नदीवर हाय," गुणवंता चाबी देत म्हणाला.

"आपल्याले कायले नदी," सर म्हणाले.

वर्गात शांतता होती. लांबून नदीकडचा हाकारा तेवढा ऐकू येत होता. सरांनी बोर्ड सुरू केला, आणि नवल म्हणजे तो एकदाचा वठणीवर आला. "द बॉय थ्रोज अ स्टोन." सरळ अक्षरात उमटलं. सरांना हुरूप आला. समोरच्या रिकाम्या बाकांवर त्यांना साहेब दिसू लागले, मॅडम दिसू लागल्या. त्यांनी वाक्य उलटं केलं, आवाज चढवला. "अ स्टोन इज थ्रोन..." एक श्वास घेतला. आणि हातानं, ज्याला इतक्या वर्षांत कोणी वेगळं काही शिकवलं नव्हतं, आपलं काम केलं.

ठक्क!

उजव्या कोपऱ्यात, "बाय"च्या बरोबर खाली, काचेत एक बारीक चांदणी उमटली. सर बघत राहिले. चांदणीला पाय फुटले, ते पाय पार डाव्या टोकापर्यंत चालत गेले, आणि मग सगळा उजेड एकदम विझला.

सरांनी काय केलं? रूळ पिशवीत घातला, पंखा बंद केला, कुलूप लावलं आणि गुणवंताला चाबी परत दिली.

"झालं का सर काम?"

"झालं," सर म्हणाले. अकर्मक क्रियापद. कोणाला लागत नाही.

घरी सरलाबाईंनी पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या तव्यावर गरम करून ठेवल्या होत्या. सरांनी एक तुकडा तोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"शाळेतला बोर्ड फुटला," ते म्हणाले.

"अगं बाई! कोणी फोडला?" सरलाबाईंना ही वाईट खोड होती. पांढुर्ण्यात इतकी वर्षं संसार करूनही त्या "कोणी" विचारायच्या.

"आज गोटमार हाय."

"शाळेपर्यंत येते का गोटा?" त्यांनी विचारलं, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून पुढे काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. गुणवंतानं वर्ग झाडायला कुलूप काढलं आणि धावत मॅडमकडे गेला. सगळे शिक्षक गोळा झाले. आता मॅडम विचारतील, कोणी, कसं, आणि आपण सांगून टाकू, असं सरांनी रात्रीच पक्कं केलं होतं. पण मॅडम पडल्या पांढुर्ण्याच्या लेक. त्यांनी काचेकडे बघितलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "गोटमार!" सगळ्या शिक्षकांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, यंदा जोर जास्तच होता. कोणी म्हणालं, काल आमच्या आळीत टाकी फुटली. एका दमात सगळं मिटलं. सांगायला तयार होऊन आलेल्या माणसाला कोणी विचारलंच नाही, आणि न विचारता सांगण्याइतकी सरांची तयारी झालेली नव्हती.

"सर, वर रिपोर्ट पाठवायचा हाय. तुमीच लिहा. तुमच्यासारखं इंग्लिश कोणाचं हाय?" मॅडम म्हणाल्या.

सरांनी लिहिलं. गोटमारीच्या दिवशी बोर्डाचं नुकसान झालं असल्याचं आढळून आलेलं आहे. त्यांनी ते वाचून पाहिलं. एक शब्द खोटा नव्हता. दिवस गोटमारीचाच होता, नुकसान झालंच होतं, आढळूनही आलं होतं. व्याकरणाची एक चूक कोणी काढून दाखवावी. सरांना चक्क बरं वाटलं, आणि दुपारचा डबा त्यांनी पुरता संपवला.

घोळ झाला तो साहेबांमुळे. साहेब जिल्ह्यात नवे होते, लांबून कुठूनतरी बदलून आलेले हिंदी भाषक. गोटमारीच्या दिवसाचं काही विचारायचं नसतं, ही साधी रीत त्यांना माहीत नव्हती. ते आले, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत म्हणाले, "नदी किधर है?" नदी तिथून दिसतसुद्धा नव्हती. त्यांनी खिडकीच्या जाळीवरून हात फिरवला. जाळी धडधाकट होती. मग खोलीभर नजर टाकून त्यांनी विचारलं, "और पत्थर कहाँ है?"

दगड कुठेच नव्हता.

"चाबी किसके पास थी?"

सर मॅडमच्या मागे उभे होते. गुणवंता दाराशी, हातात पाण्याचा ट्रे. त्यानं एकदा सरांकडे बघितलं. जाब विचारायचा म्हणून नाही. वर्गात पोरगं उत्तर सांगू का म्हणून बघतं तसं. सर खिडकीच्या जाळीकडे बघत होते.

"माह्यापाशी साहेब," गुणवंता म्हणाला. "चाबी माह्यापाशीच राहते."

सरांनी आपल्या सुंदर वाक्यात एक जागा रिकामी ठेवली होती. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही, आणि तिथे बसवायला सगळ्यात आधी सापडतो तो ट्रे घेऊन उभा असलेला माणूस. सरांनी धडा उभा जन्म शिकवला, पण हे काही सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनाच ते ठाऊक नव्हतं.

साहेबांनी हुकूम दिला. या माणसाला ठेकेदारानं काढावं, शिक्षक दिनापर्यंत दुसरा पाठवावा, तोवर यानं शाळेत येऊ नये. मॅडमना वाईट वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. "गुणवंताचं वाईट झालं," असं स्टाफरूममध्ये दिवसभर बोललं गेलं.

संध्याकाळी गुणवंता सरांच्या दारात आला. चपला काढून ओसरीच्या कडेला बसला.

"एक अर्ज लिहून पायजे होता सर. का मले काढू नये म्हणून. वर नाव गेलंय माहं, कायम व्हायचं. आताच काढलं त थे बी गेलं."

सर उठले, चष्मा चढवला, कागद घेतला. आणि जिभेनं आपलं रोजचं काम उरकून टाकलं.

"कोणी केलं, थे लिहायचं का?"

शब्द सुटले आणि सरांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आतल्या दारात चहाचा कप घेऊन सरलाबाई उभ्या होत्या, त्या तशाच थबकल्या.

गुणवंता खाली बघत होता. "तुमाले जसं वाटन तसं सर," तो म्हणाला.

सरांच्यानं त्या दिवशी अर्ज लिहवला नाही. उद्या देतो म्हणाले. गुणवंता गेल्यावर सरलाबाईंनी कप त्यांच्यापुढे आपटला. "तुमी सांगता का मी जाऊन सांगू?"

"सांगतो," सर म्हणाले. "समद्यांपुढं सांगतो. साहेबापुढं." आणि बोर्ड फुटल्यापासून पहिल्यांदाच त्यांना रात्री झोप लागली. सांगायचं ठरलं की सांगून झाल्यासारखंच वाटतं, ही माणसाची मोठी सोय आहे.

शिक्षक दिनाला मांडव घातला होता. साहेब आले, हार झाले, शाल झाली, श्रीफळ झालं. नवा बोर्ड नाही म्हणून जुना फळाच मंचावर आणून ठेवला होता, कोपऱ्यातल्या सिमेंटसकट. मॅडम भाषणात दोनदा रडल्या. गुणवंताला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो मांडवाच्या शेवटच्या बांबूला टेकून उभा होता. सवयीनं आला होता बिचारा. इतक्या वर्षांत मांडवाच्या खुर्च्या त्यानंच लावल्या होत्या.

सर माइकसमोर उभे राहिले. हातात रूळ होता.

"मले एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "थो स्मार्ट बोर्ड गुणवंतानं नाई फोडला. मी फोडला."

त्यांनी रूळ वर धरला.

"गोटमारीच्या दिवशी मी शाळेत होतो. माह्या या रुळानं फुटला. 'बाय'वर ठोकताना. काच पाहा, जिथं फुटली थे जागा पाहा. या फळ्यावर बी तीच जागा हाय. मी फोडला. आय ब्रोक द बोर्ड."

ही शेवटची इंग्रजीची जोड नडली. दुसऱ्या रांगेतून चंचल ताडकन उठून उभी राहिली. तिला वाटलं, धडा सुरू झाला.

"द बोर्ड वॉज ब्रोकन बाय कळंबे सर!" ती खणखणीत आवाजात म्हणाली.

मांडवात हशा पिकला, आणि हशातून टाळ्या. सर हात वर करून "नाही, नाही, ऐका" म्हणत होते, ते माइकमधून कोणालाच ऐकू गेलं नाही. मॅडम तिसऱ्यांदा रडत होत्या. "एका शिपायासाठी," त्या साहेबांना सांगत होत्या, "आपल्या निरोपाच्या वर्षी, समद्या गावासमोर, सरांनी दोष आपल्या अंगावर घेतला. असेच आहेत साहेब. गावासाठी गोटा खाल्लेला माणूस हा. थे कपाळ पाहा." साहेबांनी कपाळ पाहिलं. साहेब खरोखरच हेलावले. नव्या जिल्ह्यात आल्यापासून त्यांना अशी वस्तू पहिल्यांदा बघायला मिळत होती. त्यांनी माइक घेतला.

"गुरु किसे कहते हैं, आज देखा," ते म्हणाले, आणि मग जाहीर केलं, की अशा गुरूच्या शब्दाखातर या शिपायाची चूक माफ करण्यात येत आहे. त्याला काढलं जाणार नाही. फाइलसाठी एक लेखी माफीनामा तेवढा त्यानं द्यावा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी गुणवंताला मागून ढकलत पुढे आणलं. "पाया पड, पाया पड!" लोक ओरडत होते. गुणवंता मंचावर चढला आणि वाकला. सरांनी त्याचे खांदे धरले.

"मी फोडला गुणवंता," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "तुले त माहीत हाय."

"हाव सर," गुणवंता म्हणाला, आणि त्यांच्या पायांवर हात ठेवला. मोबाइल वर झाले. तो फोटो संध्याकाळपर्यंत सौंसरच्या भावाकडेही पोचला होता. भावानं फोनवर सांगितलं, जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडून येतो, असा भाऊ दिला म्हणून.

सरांनी नंतर प्रयत्न केले नाहीत असं नाही. मॅडमना केबिनमध्ये जाऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आता बस करा सर, किती मोठेपणा कराल." भाजीवाल्याला सांगितलं, त्यानं कोथिंबीर फुकट दिली. खरं बोलायला म्हणून तोंड उघडावं तर माणूस नमस्कार करत होता. गावात दोनच जणांचा त्यांच्या बोलण्यावर विश्वास होता, सरलाबाईंचा आणि गुणवंताचा. सरलाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि मग नेहमीसारखं बोलू लागल्या, कारण संसार थांबत नाही.

गुणवंता तिसऱ्या दिवशी आला. पुन्हा चपला काढून ओसरीच्या कडेला बसला.

"थो माफीनामा सर. मॅडम म्हणे, इंग्लिशमधून पायजे. तुमच्याकूनच घेऊन ये म्हणे."

सरांनी कागद पुढे ओढला. चष्मा चढवला. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. कागदावर, जन्मात पहिल्यांदा, त्यांचा अर्ज "आय"नं सुरू झाला. मी, श्रावण कळंबे, हा बोर्ड माझ्या हातानं फोडला, मी ते लपवलं, गुणवंताचा यात काहीही दोष नाही. खाली स्वतःची सही केली. मग मराठीत वाचून दाखवलं.

गुणवंतानं सगळं ऐकून घेतलं. कागदाला हात लावला नाही.

"नोको सर," तो म्हणाला. "हे पाठवलं त पुन्हा टाळ्या वाजतीन. अन् साहेबाचा कागद बाकीचा बाकीच राहीन."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर सरांना जरा बरं वाटलं असतं. रस्त्यावरून कपाशीच्या शेतातून परतणाऱ्या बायका बोलत चालल्या होत्या. शेवटी सरांनी दुसरा कागद घेतला आणि त्यांना जे येत होतं ते लिहिलं. बोर्डाचं नुकसान झालं, त्याबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे, यापुढे काळजी घेतली जाईल. तीन ओळी. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं.

गुणवंतानं कागद हातात धरून वरपासून खालपर्यंत बघितला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव कसं दिसतं ते तो ओळखत होता.

"यात माहं नाव कुठी हाय सर?"

"नाई घातलं," सर घाईघाईनं म्हणाले. "कुठीच नाई घातलं. बोर्ड कोणी फोडला, थे यात एका शब्दानं नाई. तू निश्चिंत सही कर."

गुणवंतानं त्यांच्याच पेनानं, एकेक अक्षर जोडत, खाली सही केली. शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर मारली आणि तो घडी घालून खिशात ठेवला.

"नाव नसलं तरी चालते सर," चपला घालता घालता तो म्हणाला. "वाचणारा माहंच वाचन."